आमदार पण आणि फौजी पण: टेरिटोरियल आर्मीत राहून आमदारकी कशी करायची

मागच्या महिन्यात गावातला एक पोरगा घरी आला, वय २६, ग्रामपंचायत सदस्य, बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, खतांचं दुकान चालवतो. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, दादा, मला आमदार पण व्हायचंय आणि वर्दी पण घालायचीय, एक काहीतरी सोडावं लागणार ना? मी म्हटलं सोडावं नाही लागत, पण दोन्ही करायची पद्धत आहे आणि ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. मी स्वतः टेरिटोरियल आर्मीत ऑफिसर आहे, बाकीचं वर्ष पतसंस्थेत नोकरी करतो, आणि माझा मामेभाऊ राजकारणात आहे, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघितल्यात. त्याला दोन तास बसून जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रेग्युलर आर्मीत असताना आमदारकी जमत नाही, अजिबात नाही. आर्मी रूल्स १९५४ चा नियम २० सरळ आहे: आर्मी अ‍ॅक्ट ज्याला लागू आहे त्याने राजकीय सभेला जायचं नाही, पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही आणि विधानसभेलाच काय, साध्या ग्रामपंचायतीला सुद्धा उमेदवार म्हणून स्वतःचं नाव जाहीर करायचं नाही. म्हणून राज्यवर्धन राठोड यांनी २०१३ मध्ये कर्नल असताना आधी आर्मी सोडली, मग निवडणूक लढवली, आणि आत्ता २०२३ पासून ते राजस्थानात झोटवाड्याचे आमदार आहेत. तो रस्ता म्हणजे आधी हे आणि नंतर ते. आपण बोलतोय ते एकाच वेळी दोन्ही, आणि त्याला आपल्या देशात रस्ता एकच, टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए.

टीए म्हणजे होमगार्ड नव्हे आणि एनसीसी पण नव्हे, हे मला दर लग्नात कोणाला तरी समजवावं लागतं. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही आर्मीच आहे, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं, फक्त यातले लोक स्वतःचा कामधंदा सांभाळून वर्षातले काही महिने वर्दीत असतात. आपल्याकडे पुण्यात १०१ आणि कोल्हापुरात १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत, आणि संभाजीनगरला महार रेजिमेंटची १३६ इको बटालियन आहे जी मराठवाड्यात झाडं लावते आणि जगवते.

आणि राजकारणातली माणसं यात आधीपासून आहेत. सचिन पायलट २०१२ मध्ये केंद्रात मंत्री असताना एसएसबी, म्हणजे आर्मीचे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळाची चाचणी, पास होऊन लेफ्टनंट झाले, १२४ इन्फंट्री बटालियन टीए, शीख रेजिमेंट, आणि २०१८ पासून ते टोंकचे आमदार आहेत, मधे उपमुख्यमंत्री पण होते. मानवेंद्र सिंह टीएचे ऑफिसर, २००४ ला बाडमेरचे खासदार आणि २०१३ ला शिव मतदारसंघातून आमदार. अनुराग ठाकूर खासदार असताना २०१६ मध्ये कमिशन झाले, म्हणजे टीएत ऑफिसर झाले. म्हणजे रस्ता आहे, लोक चाललेत त्यावरून.

आता वयाचा हिशोब मांडा. टीए ऑफिसरसाठी वय १८ ते ४२, विधानसभेसाठी किमान २५, विधान परिषदेसाठी ३०. माझा सल्ला विचाराल तर आधी टीए, मग तिकीट. कारण साधं आहे, आमदार झाल्यावर परीक्षेचा अभ्यास, पळणं, एसएसबीचे पाच दिवस हे काढणं फार अवघड जातं, फोनच थांबत नाही. आणि दुसरं म्हणजे आधी वर्दी मिळवली की कोणी म्हणू शकत नाही की पदाच्या जोरावर आत घुसला.

यासाठी ग्रॅज्युएशन पाहिजे आणि स्वतःचं कमाईचं साधन पाहिजे, नोकरी, धंदा, वकिली काहीही, पण बेरोजगार माणसासाठी ही भरती नाही हे लक्षात ठेवा, टीए हे करिअर म्हणून देतच नाहीत. पोलीस किंवा निमलष्करी दलात असाल तर चालत नाही. मुलींनी पण भरा, २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने टीएचं दार मुलींना उघडून दिलंय. लेखी परीक्षेत चार भाग असतात, रीझनिंग, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी, प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. गणित दहावीच्या लेव्हलचं असतं पण वेळ कमी, घड्याळ लावून सराव करा. मग मुलाखत, मग एसएसबी, मग मेडिकल.

एसएसबीत राजकारणातली पोरं कुठे पडतात ते सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. आमच्या ग्रुपमध्ये एक जण होता, आवाज दणदणीत, सभा गाजवायची सवय, त्याने पहिली दोन मिनिटं कोणाला बोलूच दिलं नाही, आणि संध्याकाळी तो बॅग घेऊन स्टेशनला होता. तिथे भाषण नको असतं, समोरच्याचं ऐकून घेऊन त्यातला चांगला मुद्दा पुढे नेणारा माणूस लागतो. मैदानावर फळी, दोर आणि पिंपं देऊन अडथळा पार करायला लावतात तेव्हा पण तेच, आपण हुकूम सोडत उभं राहायचं नाही, फळीचं एक टोक स्वतः धरायचं. ओळखी सांगू नका, कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा, तिथे छातीवर नुसता नंबर असतो.

समजा कमिशन झालं, तुम्ही लेफ्टनंट झालात आणि पुढे निवडणुकीचं ठरलं. आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका. संविधानाचं कलम १९१ म्हणतं की सरकारकडे लाभाचं पद असेल तर आमदार अपात्र, फक्त राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ज्या पदांना सूट दिलीय ती सोडून. खासदारांसाठी १९५९ चा कायदा आहे आणि त्यात टीए, एनसीसी, होमगार्ड यांना स्पष्ट सूट लिहिलेली आहे. पण तो कायदा फक्त खासदारांचा! बरेच लोक खासदारांचं उदाहरण बघून निर्धास्त होतात आणि इथेच चूक होते. आमदाराला आपल्या राज्याचा कायदा बघावा लागतो, महाराष्ट्रात तो १९५६ चा आहे आणि सूट दिलेल्या पदांची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. उमेदवारी अर्ज भरायच्या आधी त्याची आजच्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसकट प्रत काढा, चांगल्या वकिलाकडून लेखी मत घ्या आणि फाईलला लावून ठेवा. मी तर पगार घेतच नाही मग लाभाचं पद कसं, असं म्हणून चालत नाही. २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी अशाच एका पदापायी गेली, त्यांनी काही घेतलं नव्हतं तरी, सुप्रीम कोर्ट म्हणालं की पैसे घेतले का ते नाही बघायचं, त्या पदातून मिळू शकतात का ते बघायचं. टीएमध्ये ड्युटीच्या दिवसांचा पगार मिळतो, म्हणजे मिळू शकतात, विषय संपला.

मग दुसरा प्रश्न येतो तो नियम २० चा, म्हणजे टीएवाला पक्षात कसा काय राहतो? याचं उत्तर टीए कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. टीएच्या ऑफिसरला आर्मी अ‍ॅक्ट लागू होतो तो ऑफिसर म्हणून ड्युटीवर असताना. कॅम्पला रिपोर्ट केलं की लागू, कॅम्प संपवून घरी आलात की तुम्ही साधे नागरिक, सभा घ्या, मोर्चा काढा, मत मागा. ही जी रेघ आहे ना, ड्युटीवर आणि ड्युटीबाहेर, तिच्यावरच सगळं उभं आहे आणि ती कागदावरची रेघ तुमच्या वागण्यात पण दिसली पाहिजे. ड्युटीवर असताना पक्षाच्या ग्रुपवर एक साधा अंगठा पण टाकू नका. माझं मत विचाराल तर कॅम्पच्या आदल्या रात्री पक्षाच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडा आणि फेसबुक पेज ज्याच्या हातात असेल त्याला लिहून द्या की या तारखेपासून या तारखेपर्यंत माझ्या नावाने काहीही टाकायचं नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा पण नाही.

आणि वर्दीचा फोटो. हे लिहिताना मला अजून ती रात्र आठवते. मामेभाऊ जिल्हा परिषदेला उभा होता, पोरं उत्साही, कोणीतरी माझ्या फेसबुकवरून वर्दीतला फोटो उचलला आणि तिठ्यावर दहा बाय वीसचा फ्लेक्स लावला, भाऊ मध्ये आणि बाजूला मी, सॅल्यूट करताना. मला बायकोने फोन करून सांगितलं. मी रात्री साडेअकराला शेजारच्या मंडपवाल्याकडून शिडी घेऊन गेलो आणि स्वतः तो फ्लेक्स उतरवला, खिळ्याने तळहात फाटला, घडी घालून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना बसवून समजावलं. भाऊ नाराज झाला थोडा, म्हणाला चार मतं वाढली असती. वाढलीही असती, पण तो फोटो माझा नव्हता, ती वर्दी माझ्याबरोबर खंदकात बसणाऱ्या सगळ्यांची आहे आणि त्यांच्यात प्रत्येक पक्षाला मत देणारा माणूस आहे. निवडणूक आयोगाने पण २०१३ मध्ये आणि परत मार्च २०१९ मध्ये सगळ्या पक्षांना लिहून कळवलंय की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. तुम्ही स्वतः उमेदवार आहात म्हणून तुमच्या वर्दीतल्या फोटोला सूट मिळेल असं समजू नका. आधीच सोशल मीडियावरचे ते फोटो काढून टाका, म्हणजे कोणी उचलणारच नाही. मी टीएत आहे हे विचारलं तर सांगा, पण त्याच्यावर मत मागू नका.

निवडून आल्यावर खरी कसरत वेळेची. टीएत पहिल्या वर्षी एक महिन्याचं बेसिक ट्रेनिंग, दर वर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं पोस्ट कमिशन ट्रेनिंग. म्हणजे पहिली दोन वर्षं जड जातात, म्हणून तर म्हटलं आधी टीए. आता विधिमंडळाचं कॅलेंडर समोर घ्या: मार्चच्या आसपास बजेट, जून-जुलैत पावसाळी, डिसेंबरात नागपूरला हिवाळी. कॅम्पला सरळ जागा दिसते ती एप्रिलचा मध्य ते मे किंवा ऑगस्ट ते नोव्हेंबर, पण मे महिन्यात टंचाई, टँकर, आणि ऑगस्टनंतर गणपती, ओला दुष्काळ, पंचनामे. रिकामे दोन महिने मतदारसंघात कधीच नसतात हो, निवड करावी लागते. आणि तारखा युनिट ठरवतं, तुम्ही नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच अ‍ॅडज्युटंटला, म्हणजे युनिटचं कामकाज बघणाऱ्या ऑफिसरला, भेटून अधिवेशनाच्या अंदाजे तारखा लेखी द्या, आणि विनंती एकदाच करा. सीओने, म्हणजे कमांडिंग ऑफिसरने, नाही म्हटलं तर विषय तिथे संपला, मुंबईहून फोन लावायचा नाही कोणाला. तो एक फोन लावलात की युनिटमध्ये तुमची किंमत कायमची गेली.

सभागृहाच्या बाजूने कलम १९० बघून ठेवा. परवानगी न घेता ६० दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलात तर सभागृह जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. अधिवेशन संस्थगित, म्हणजे रीतसर संपवलेलं, असलेले दिवस आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी असेल ते दिवस यात धरत नाहीत, म्हणजे गणित तसं तुमच्या बाजूचं आहे, आपल्याकडे बैठका होतातच किती. पण त्याच्यावर विसंबू नका. एक दिवस जरी अधिवेशन चुकणार असेल तरी अध्यक्षांकडे रजेचा अर्ज द्या, कारण लिहा, पोच घ्या.

आता तुमचं ऑफिस. इथे मी हात जोडून सांगतो, कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून जाऊ नका. सगळे करतात, दोन महिन्यांची सोय होते, मला माहितीय, दवाखान्याची शिफारस असते, वसतिगृहाचा प्रवेश असतो, माणूस दारात रडत असतो. पण तुम्ही ड्युटीवर असताना तुमच्या सहीचं एखादं राजकीय पत्र त्या तारखेने बाहेर पडलं तर ती मघाची रेघ तुम्ही स्वतःच पुसली. त्यापेक्षा स्वीय सहायकाला त्याच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने पत्र द्यायला लावा, आमदार प्रशिक्षणावर आहेत असं त्यात स्पष्ट लिहून, तहसीलदार, बीडीओ, महावितरणचे इंजिनिअर यांना जायच्या आधी प्रत्यक्ष भेटून सांगा की हा माणूस फोन करेल. डीपी जळाली तर कोणाला फोन, साप चावला तर कोणाला फोन, याची एक पानाची यादी करून प्रत्येक गावात वाटा. तुम्ही नसताना एक जळालेली डीपी आठ दिवसांत बदलून मिळाली ना, तर लोक तुमच्या कॅम्पबद्दल कधी कुरकुर करत नाहीत. आणि जाताना सांगून जा, गुपचूप जाऊ नका, सांगितलं नाही तर गावात चर्चा होते की साहेब परदेशात गेलेत.

कॅम्पच्या गेटवर आमदारकी उतरवायची. गाडी आणि पोलीस अंगरक्षक बाहेरूनच परत पाठवा. आत तुम्ही लेफ्टनंट किंवा कॅप्टन, तुमच्या वर सीओ आहे, आणि खरं शिकवणारा सुभेदार साहेब आहे ज्याला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. पहाटे पीटीला तुमच्या पोटाकडे सगळे बघतात, म्हणून कॅम्पच्या तीन महिने आधीपासून पळायला लागा, सत्कार आणि जेवणावळीत वाढलेलं वजन पहिल्या पाच किलोमीटरलाच कळतं. जवानांबरोबर लंगरमध्ये जेवा. मेसमध्ये राजकारण बोलायचं नाही, कोणी मुद्दाम विषय काढला तरी हसून विषय बदला. कोणीतरी हमखास बाजूला घेऊन म्हणेल, साहेब पुतण्याच्या बदलीचं तेवढं बघा की. त्याला प्रेमाने सांगायचं, कॅम्प संपल्यावर ऑफिसला या, बाकी सगळे येतात तसे. तिथेच फोन लावून काम करून दिलंत तर उद्या तुम्ही त्याला हुकूम कसा देणार, आणि ज्याचं काम नाही झालं तो तुमचा हुकूम कसा ऐकणार?

एक गोष्ट आमदाराला खासदारापेक्षा सोपी आहे, संरक्षण हा केंद्राचा विषय, त्यामुळे सभागृहात आर्मीवर बोलायचा प्रसंग सहसा येत नाही. पण सैनिकाच्या घरचे जवळजवळ सगळे प्रश्न राज्याचे आहेत आणि मला वाटतं वर्दीतला आमदार इथेच सगळ्यात जास्त कामाचा. जवान सीमेवर आणि इकडे शेजाऱ्याने बांध कोरला, मोजणीचे पैसे भरून वर्ष झालं, सुट्टी मिळते तीस दिवस, त्यातले वीस भूमी अभिलेखच्या चकरांत. बायको एकटी तलाठ्याकडे गेली की उद्या या. आमच्या कॅम्पमध्ये एक नाईक होता, रात्री गार्ड ड्युटीवरून आला की फोनवर सातबारा उघडून बघायचा की नोंद झाली का, रोज, दोन महिने. आमदार झालात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात महिन्याचा एक ठरलेला दिवस बसा, मोजणीवाले आणि तहसीलचा माणूस बरोबर घेऊन, सुट्टीवर आलेल्या जवानाचं काम त्याच्या सुट्टीतच झालं पाहिजे. यात प्रचार काही नाही, वर्दी घालायची पण गरज नाही, साध्या शर्टात बसा.

शेवटी बोलावणं. हे मनाशी पक्कं केल्याशिवाय फॉर्मच भरू नका. मे २०२५ मध्ये केंद्राने टीएच्या नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएचे ऑफिसर आणि जवान बोलवायचे अधिकार दिले, ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायचं, म्हणजे पूर्णवेळ सेवेत बोलवायचं ठरलं, तो आदेश फेब्रुवारी २०२८ पर्यंतचा आहे. नोकरीवाल्याची नोकरी टीएचा कायदा वाचवतो, परत आल्यावर मालकाला घ्यावंच लागतं. आमदाराला तशी हमी नाही, निवडणूक कोणासाठी थांबत नाही. अमेरिकेत तुलसी गॅबार्ड २००२ मध्ये २१ व्या वर्षी हवाईच्या विधानसभेत निवडून आल्या, पुढच्या वर्षी तिथल्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे आपल्या टीएसारख्या दलात, गेल्या, २००४ मध्ये इराकच्या मोहिमेवर जायचं ठरलं आणि त्या जागेसाठी अर्ज भरलेला असूनही त्यांनी प्रचार सोडून दिला. पुढे त्या बऱ्याच वर आल्या ती गोष्ट वेगळी, पण त्या वेळी जागा गेली ती गेलीच.

म्हणून घरच्यांशी, आणि पक्षात ज्याच्या शब्दावर तिकीट मिळतं त्याच्याशी, हे आधीच बोलून घ्या की प्रचार ऐन रंगात असताना आदेश आला तर मी जाणार. माझी बॅग वर्षभर कपाटावर भरलेली असते, दोन जोड वर्दी, बूट, आयकार्ड, रक्तगटाची चिठ्ठी, बँकेची आणि विम्याची कागदं बायकोच्या हातात. त्या पोराला ती बॅग दाखवली तर त्याने उचलून बघितली, म्हणाला बरीच जड आहे. मग लेखी परीक्षेची पुस्तकं मागून घेतली आणि गेला, परवापासून पहाटे कालव्याच्या रस्त्याला पळताना दिसतोय.